लहान खासगी शाळा, पहिली ते आठवी : आत जाऊन नेमकं काय पाहावं?

पाणकणीस

मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. तिच्या बालवर्गाला जोडून पुढे शाळा नाही, त्यामुळे आता ठरवावंच लागणार आहे. दोन महिने शाळा बघून शेवटी दोन उरल्या. एक मोठी आणि नावाजलेली. प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या, तुकडीत चाळीसच्या आसपास मुलं. दुसरी खासगीच, पण अगदी लहान. पहिली ते आठवी मिळून पट ८६. पहिलीत अकरा मुलं, सातवीत सहा. पहिली-दुसरी एका वर्गात बसतात, तिसरी-चौथी एका वर्गात. पाचवीपासून विषयांना वेगळे शिक्षक.

लेक घरात अखंड बोलते. बालवर्गात मात्र पहिले सहा महिने बाईंशी एक शब्द बोलली नाही, सगळं खुणांनी चालायचं. मग बाईंनी तिला झाडांना पाणी घालायचं काम दिलं. एके दिवशी झारी गळते आहे हे सांगायला ती स्वतःहून त्यांच्याकडे गेली, आणि तिथून बोलणं सुरू झालं. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. म्हणूनच माझं मन लहान शाळेकडे ओढतं. चाळीस मुलांत झारी द्यायचं कुणाला सुचेल, असं वाटत राहतं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. इतक्या थोड्या मुलांत मैत्री कुणाशी होणार, आणि आठवीनंतर एकदम हजार मुलांच्या शाळेत गेल्यावर ती बावरणार नाही का? त्याची भीती मला खोटी वाटत नाही.

ज्यांची मुलं अशा शाळेत शिकली किंवा जे स्वतः तिथे शिकवतात, त्यांना माझा एकच प्रश्न. प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही?

रानवाट

आमची दोन्ही मुलं एकाच लहान शाळेत होती. थोरला आठवीपर्यंत राहिला, धाकटीला पाचवीत काढावं लागलं. शाळा तीच, शिक्षक बहुतेक तेच, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

थोरल्याला त्या शाळेनं घडवलं. तो काही चमकणारा मुलगा नव्हता. पण सातवीत नऊच मुलं, त्यामुळे नाटक बसवायचं तर नऊही जण लागायचे. त्याला पडद्यामागं काम दिलं, मग संवाद दिले, मग एक वर्ष सगळं नेपथ्य त्याच्यावर सोपवलं. मोठ्या शाळेत निवड चाचणीतच तो बाहेर पडला असता. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या हायस्कूलांचा अभ्यास केला होता, १९६४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना हेच दिसलं होतं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण एकेका मुलाच्या वाट्याला येणारा प्रत्यक्ष सहभाग आणि जबाबदारी लहान शाळेत जास्त असते. अभ्यासात मागं असलेल्या मुलांनाही तिथं ‘आपल्यावाचून अडेल’ असं वाटतं. हे मी नंतर वाचलं आणि आमचा मुलगाच डोळ्यांसमोर आला.

आता धाकटी. तिच्या इयत्तेत सात मुलं, त्यात मुली तीन. तिसरीपर्यंत तिघी एकत्र होत्या. चौथीत दोघींची जोडी जमली आणि ही बाहेर पडली. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, तक्रार करावी असं काहीच नाही. ती फक्त वर्षभर डबा एकटी खात होती. आम्हाला हे सात महिन्यांनी कळलं, तेही तिच्या वहीतल्या एका चित्रावरून. मोठ्या शाळेत दुसरी तुकडी मागता येते. इथे दुसरी तुकडीच नव्हती. बाईंनी जागा बदलल्या, गट बदलले, मनापासून केलं सगळं, पण सातांत फिरवून फिरवून किती फिरवणार?

तेव्हा पट ८६ हा आकडा बाजूला ठेवा. तुमच्या मुलीच्या इयत्तेत आणि तिच्या वरच्या-खालच्या इयत्तेत मिळून तिच्या वयाची मुलं किती आणि त्यात मुली किती, हे विचारा. जोडवर्ग असल्यामुळे तुमच्याकडे ही संख्या वाढते, ते बरं आहे. मधल्या सुट्टीत इयत्ता मिसळतात की आपापल्या घोळक्यात बसतात, हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. विचारलं तर सगळेच ‘मिसळतात’ म्हणतील.

शुभ्रखडू

मी अकरा वर्षं लहान शाळेत शिकवलं, त्याआधी पाच वर्षं मोठ्या. पालक नेहमी दोन गोष्टींची गल्लत करतात. शाळा लहान असणं वेगळं आणि वर्ग लहान असणं वेगळं. वर्ग लहान असण्याबद्दल बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात एक मोठा प्रयोग झाला. ७९ शाळा, साडेअकरा हजारांच्या आसपास मुलं, बालवर्ग ते तिसरी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं तीन प्रकारच्या वर्गांत वाटली होती : १३ ते १७ मुलांचा वर्ग, २२ ते २५ मुलांचा वर्ग, आणि २२ ते २५ मुलं पण सोबतीला एक मदतनीस. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात स्पष्टपणे पुढे गेली, गरीब घरातली तर जास्तच. मदतनीस दिलेल्या वर्गात मात्र सांगण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे ‘आमच्याकडे वर्गात दोन मोठी माणसं असतात’ असं शाळा सांगते तेव्हा दुसरं माणूस नेमकं काय करतं, ते विचारायला हवं.

ह्याला एक पुस्ती जोडते. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग सरसकट वीस मुलांवर आणायचं ठरवलं. शिक्षक रातोरात कुठून आणणार? नवखे, पूर्ण प्रशिक्षण न झालेले कितीतरी जण घ्यावे लागले आणि लहान वर्गाचा फायदा त्यात बराचसा विरून गेला. अकरा मुलांचा वर्ग आणि दर वर्षी नवी बाई, यापेक्षा तीस मुलं आणि मुरलेली बाई मी माझ्या मुलासाठी निवडेन.

म्हणून माझा पहिला प्रश्न शिक्षकांबद्दल असतो. एकूण किती, त्यातले तीन वर्षांहून जास्त काळ टिकलेले किती, आणि गेल्या दोन वर्षांत कोण गेलं? लहान शाळेत सात शिक्षक असतील आणि दोन गेले तर चौथ्या हिश्श्याहून जास्त शाळा बदलली. मोठ्या शाळेत दोन गेलेले कळतही नाहीत.

जोडवर्गाला घाबरू नका, पण तो चालतो कसा ते मागे बसून पाहा. बाई पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुलं काय करतात, यातच सगळं आलं. फळ्यावरचं उतरवून घेत बसली असतील तर दोन इयत्ता फक्त एका खोलीत कोंडल्या आहेत. हातात ठरलेलं काम असेल, अडल्यावर कुणाला विचारायचं हे माहीत असेल, काम झाल्यावर पुढचं स्वतः उचलत असतील, तर तो जोडवर्ग मुद्दाम घडवलेला आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिली बालशाळा काढली तेव्हापासून त्या पद्धतीत तीन-तीन वर्षांच्या वयोगटाची मुलं एकत्र असतात. लहान मोठ्यांचं बघून शिकतं, मोठं शिकवता शिकवता पक्कं होतं. तुमची शाळा ते नाव लावत असेल तर मात्र जपून. बहुतेक ठिकाणी हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं. शिक्षकांचं प्रशिक्षण कुठलं आणि मुलांना सलग किती वेळ स्वतःच्या कामात राहू देतात, ते विचारा. तिथे सकाळचे अडीच-तीन तास सलग मिळायला हवेत. दर पस्तीस मिनिटांनी घंटा होत असेल तर माँटेसरीचं लाकडी साहित्य आहे, पद्धत नाही, एवढंच.

भिंतींवरची चित्रं पाहा. वीसही फुलपाखरं एकसारखी असतील तर ती बाईंनी काढलेली आहेत. आणि वह्या मागा, तिसरीच्या आणि सहावीच्या. चुकीवर नुसती फुली आहे की मुलाला पुन्हा विचार करायला लावणारं काही लिहिलंय, आणि मुलानं त्यानंतर ते सुधारलंय का? प्रवेशाच्या दिवशी दाखवायला काढलेली वही नको, दप्तरातून निघालेली हवी.

उंबरठा

मी वेगळंच विचारायला सांगणार आहे, कारण ते मी विचारलं नव्हतं.

मुलगा सहावीत असताना त्याची शाळा वर्षाच्या मध्यात बंद पडली. शिक्षण उत्तम होतं, मुलं आनंदात होती, याबद्दल आजही माझी तक्रार नाही. पण सगळी शाळा एका बाईंच्या खांद्यावर होती. त्या आजारी पडल्या आणि चार महिन्यांत डोलारा बसला. इमारत भाड्याची, करार संपत आलेला, पट दोन वर्षं उतरत होता, यातलं काहीही पालकांना ठाऊक नव्हतं. शेवटच्या पालकसभेत सांगितलं गेलं तेव्हा सत्र संपायला सहा आठवडे होते.

खरा धक्का दाखला काढताना बसला. शाळेची मान्यता पाचवीपर्यंतचीच निघाली. सहावी-सातवीच्या मुलांची नावं दुसऱ्याच एका शाळेच्या पटावर होती. माझा मुलगा ज्या शाळेत कधी पाय ठेवला नाही, तिथला विद्यार्थी म्हणून कागदावर हजर होता. नव्या शाळेत प्रवेशासाठी मी तीन आठवडे कागद गोळा करत फिरलो आणि तो घरी बसून होता. ‘बाबा, मी शाळेत होतो ना?’ असं त्यानं एकदा विचारलं. ते मला अजून झोंबतं.

म्हणून हे विचाराच. मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे? तोंडी उत्तर नको, कागद पाहा. गेल्या वर्षी आठवीतून बाहेर पडलेल्या मुलांचे दाखले कुणाच्या नावानं निघाले? जागा स्वतःची की भाड्याची, आणि करार कधीपर्यंत? गेल्या पाच वर्षांचा पट वर्षानुसार काय होता? सातवीत सहाच मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती पहिलीत किती होती? अकराची सहा झाली असतील तर पाच कुठे गेली, आणि का? अशा एखाद्या पालकाशी बोलायला मिळालं तर तासाभराच्या माहितीसत्रापेक्षा ते जास्त कामाचं. मुख्याध्यापक उद्या सहा महिने रजेवर गेले तर शाळा कोण चालवेल, हेही विचारा. आणि अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या.

पाणकणीस

उंबरठा, वाचून गलबलून आलं. मान्यतेचा कागद बघायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पण हे सगळं विचारायचं कसं? त्या मुख्याध्यापिका इतक्या आपुलकीनं बोलल्या की करार दाखवा, दाखले दाखवा म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. शिवाय मुलगी तिथे जाणार. सुरुवातीलाच ‘त्रासदायक पालक’ असा शिक्का नको.

शुभ्रखडू

सरळ विचारा. ‘आठ वर्षांसाठी मूल तुमच्याकडे सोपवतोय, म्हणून विचारते’ एवढं म्हटलं की पुरे. ज्या शाळेचं नीट चाललंय त्यांना हे प्रश्न आवडतात. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या मुख्याध्यापिका स्वतःहून फाइल पुढे करायच्या. विचारल्यावर चेहरा पडला, विषय बदलला, ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं आलं, तर तेही उत्तरच आहे. उद्या मुलीचं काही बिनसलं आणि तुम्ही विचारायला गेलात तर तुम्हाला असंच उत्तर मिळेल.

अक्षरओळख

पाणकणीस, तुमच्या मुलीबद्दल आधी लिहिते, मग शाळेबद्दल.

घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ, म्हणजे सुरुवातीचा बुजरेपणा ओसरायला हवा तेव्हाही, अजिबात बोलत नसेल तर त्याला निवडक अबोलपणा म्हणतात. तो हट्ट नसतो, चिंता असते. तुमच्या मुलीला तेच आहे असं मी म्हणणार नाही, ती आता बोलतेही आहे. पण जागा बदलली की ते परत येऊ शकतं, तेव्हा एकदा बालमानसतज्ज्ञांना भेटून ठेवा आणि नव्या शाळेला झारीची गोष्ट आधीच सांगा. ‘बोल बरं, सगळ्यांसमोर नाव सांग’ असा आग्रह अशा मुलांना आणखी मिटवतो. बालवर्गाच्या बाईंनी केलं तेच योग्य होतं. काम दिलं, वाट पाहिली, आणि बोलल्यावर टाळ्या पिटल्या नाहीत.

आता शाळा. माझा मुलगा लहान खासगी शाळेत चार वर्षं होता. त्याच्यावर सगळ्यांनी माया केली आणि त्या मायेतच तीन वर्षं गेली. पहिलीत अक्षरं उलटसुलट, ‘होईल हळूहळू’. दुसरीत जोडाक्षर दिसलं की अंदाजानं वाचायचा, ‘प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो’. तिसरीत तो वाचायची वेळ आली की पोटात दुखतं म्हणायला लागला. चौथीत आम्ही स्वतः चाचणी करून घेतली. डिस्लेक्सिया. बुद्धी उत्तम, पण शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडायला त्याला वेगळी, पायरीपायरीची शिकवण हवी होती. ती सहाव्या वर्षी सुरू झाली असती तर दहाव्या वर्षी त्याला ‘मी ढ आहे’ असं वाटलं नसतं.

दोष त्या बाईंच्या प्रेमात नव्हता. त्यांच्या वर्गात आठ मुलं. आठांत एखादं हळू वाचतं, त्यात वावगं काय वाटणार? चाळीस मुलांचा वर्ग वर्षानुवर्षं हाताळलेल्या शिक्षिकेला दुसरीच्या मुलानं साधारण कुठवर यायला हवं याचा अंदाज असतो. लहान शाळेत तुलनेला मुलंच नसतात आणि माप नकळत सैल होतं. म्हणून त्यांच्याकडे बाहेरचं माप आहे का, ते विचारा. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्यानं ऐकून नोंद ठेवतात का? मागे पडलेल्या मुलासाठी किती आठवडे थांबतात आणि मग काय करतात? विशेष शिक्षक पूर्णवेळ नसले तरी चालेल, आठवड्यातून एकदा येणारे असले तरी खूप. आणि अशा मुलाच्या पालकांना ‘तुमचं मूल इथे बसणार नाही’ असं आजवर कितीदा सांगितलं, हेही. काही लहान खासगी शाळा मुलं निवडून घेतात आणि निकाल स्वतःचा म्हणून दाखवतात.

तिसरा_बाक

मोठ्या शाळेच्या बाजूनं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. माझा मुलगा पंचेचाळीस मुलांच्या वर्गात आहे आणि तोही अबोलच. त्याच्या वर्गशिक्षिकेनं दुसऱ्या आठवड्यात मला बोलावून विचारलं, ‘हा तोंडी उत्तर देत नाही, पण पाटीवर लगेच लिहितो. घरी कसा असतो?’ तिला तो दिसला. मूल दिसणं हे शिक्षकावर असतं, शाळेच्या आकारावर नाही. शिवाय मोठ्या शाळेत त्याला बुद्धिबळवाली चार मुलं मिळाली. चार वेगवेगळ्या तुकड्यांतली. आठ मुलांच्या इयत्तेत बुद्धिबळवाला एकच निघाला असता, तो स्वतः.

दुसरं, अंतर. लहान शाळा बहुधा घरापासून लांब असते, कारण तशी एखादीच असते. सहा वर्षांचं मूल रोज जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये काढत असेल तर शाळा कितीही चांगली असो, संध्याकाळी त्याच्यात काही उरत नाही. आणि शाळेतल्या मैत्रिणी घराजवळ राहत नाहीत, म्हणजे सुट्टीत कुणीच नाही. याचा हिशेब जरूर करा.

जुना_बाकवाला

मी स्वतः अशा शाळेत पहिली ते आठवी शिकलो. तुमच्या यजमानांच्या भीतीला मुलाच्या बाजूनं उत्तर देतो.

आठवीनंतर मोठ्या शाळेत गेलो तेव्हा पहिले तीन महिने वाईट गेले. हात वर केला तरी कुणी विचारत नव्हतं. वेळ लावून पेपर सोडवायची सवय नव्हती, पहिल्या परीक्षेत दोन प्रश्न कोरे राहिले. पण एक गोष्ट माझ्याकडे होती जी बाकीच्यांकडे नव्हती. मला शिक्षकांची भीती वाटत नव्हती. तास संपल्यावर सरळ जाऊन ‘हे कळलं नाही’ म्हणायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी रुळावर आली.

आणि बदल उशिरा होणं हे तोट्याचंच असतं असं नाही. रॉकऑफ आणि लॉकवुड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या निकालांचा अभ्यास २०१० मध्ये मांडला होता. पाचवी किंवा सहावी संपवून वेगळ्या मिडल स्कूलमध्ये गेलेली मुलं त्याच वर्षी गणितात आणि वाचनात मागे पडली, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेली तशी पडली नाहीत. गैरहजेरीही शाळा बदललेल्यांची वाढली. अकरा-बारा वर्षांचं वय आधीच अडचणीचं. शरीर बदलतं, मित्र बदलतात, त्यातच शाळाही बदलली तर पायाखाली काहीच स्थिर राहत नाही. आठवीपर्यंत एकच शाळा असण्याचा हा मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मला खुपलं ते वेगळंच. मी पहिलीत फार रडायचो. सातवीतही मी ‘रडका’च होतो. तीच नऊ मुलं, त्याच बाई, त्यांच्या मनातलं माझं चित्र सहाव्या वर्षीचं. शाळा बदलली तेव्हा कुणालाच ते माहीत नव्हतं आणि मी हलका झालो. काही शाळांत तर एकच वर्गशिक्षिका वर्षानुवर्षं वर्गाबरोबर पुढे सरकते. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळांत पहिली ते आठवी एकच वर्गशिक्षक असावा, अशी मूळ कल्पना आहे. जमलं तर त्यासारखं सुख नाही. न जमलं तर? म्हणून तुमच्या मुलीचं चित्र ‘अबोल’ असं कायमचं रंगवलं जाऊ नये, याकडे तुम्हीच लक्ष ठेवा. दर वर्षी एकदा जाऊन सांगा की ती आता अशी आहे.

सहावी-सातवीचे वर्गही पाहा. पालक पहिलीचा गोड वर्ग पाहून भुलतात. विज्ञानाचे प्रयोग मुलं हातानं करतात की चित्रात बघतात? गणिताला वेगळा शिक्षक आहे का? लहान शाळेचं पाणी वरच्या इयत्तांत जोखलं जातं.

पाणकणीस

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुमचे प्रश्न एका वहीत उतरवून घेतले होते. मंगळवारी सकाळी दोन तास आणि पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत, अशी दोनदा शाळेत जाऊन आले.

मान्यतेचा कागद मी म्हणायच्या आत त्यांनी काढला, आठवीपर्यंतचा आहे. दाखले त्यांच्याच नावाचे. जागा भाड्याची आहे, करार अजून सहा वर्षं, म्हणजे मुलगी सहावी संपवेपर्यंत. पुढचं काय, यावर ‘बोलणी चालू आहेत’ एवढंच उत्तर मिळालं. हे मी वहीत लाल पेनानं लिहिलंय. शिक्षक नऊ. पाच वर्षांहून जुने चार, गेल्या वर्षी दोघे गेले. गणिताचे सर वर्षाच्या मध्यात गेले आणि मुख्याध्यापिका स्वतः वर्ग घेत होत्या. त्यांनी ते लपवलं नाही. ‘माझं गणित बरं आहे, पण सातवीला माझ्यापेक्षा चांगला माणूस हवा’ असं म्हणाल्या.

सातवीची मुलं पहिलीत दहा होती. दोन कुटुंबं गाव सोडून गेली, दोघांनी खेळासाठी शाळा बदलली. चारांपैकी एका आईशी बोलले. तिचा मुलगा फुटबॉल खेळतो आणि इथे अकराची टीमच होत नाही. बाकी तिला त्या शाळेची आठवण येते म्हणाली.

जोडवर्गात मागे बसले होते. दुसरीतली एक मुलगी पहिलीतल्या मुलाला तेरातून सात कसे काढायचे ते मण्यांवर दाखवत होती आणि चुकत होती. बाईंनी पाहिलं. मला वाटलं आता येऊन सांगतील. त्या आल्या नाहीत. त्या मुलानंच मणी पुन्हा मोजले आणि ‘तुझे पाच येतात, माझे सहा येतात’ म्हणाला. मग दोघं मिळून बाईंकडे गेली. मी त्या क्षणी मनातल्या मनात निम्मं ठरवून टाकलं, खरं सांगते.

रानवाट, तुमच्यामुळे मुली मोजल्या. पहिलीत चार, दुसरीत पाच. सुट्टीत इयत्ता खरंच मिसळतात, पण सातवीची मुलं वेगळी बसतात. वाचनाची नोंद सत्रातून एकदा घेतात. विशेष शिक्षिका गुरुवारी येतात, मी त्यांनाही भेटले. त्यांनी मुलीबद्दल पहिला प्रश्न विचारला तो ‘तिला काय करायला आवडतं?’ असा.

शाळेचा एक दिवस अनुभवायला लेकीला पाठवलं. दिवसभर ती कुणाशीही बोलली नाही, बाईंनी कळवलं. घरी आल्यावर रात्री अंथरुणात तिनं तीन मुलींची नावं सांगितली आणि त्यातल्या एकीचा दात हलतोय असंही सांगितलं.

आम्ही दोघांनी तिथेच घालायचं ठरवलंय. नवऱ्याची अट अशी की संध्याकाळी तिला घराजवळच्या मुलांबरोबर कुठलातरी खेळ असलाच पाहिजे, आणि तिसरी संपताना पुन्हा बसून विचार करायचा, गोडीगुलाबीत पुढे ढकलायचं नाही. मला दोन्ही पटलं. शुक्रवारी फी भरायची आहे.

उंबरठा

सहा वर्षांनी करार संपतो हे दर वर्षी पालकसभेत विचारत राहा. एकटीनं नको, आणखी दोन पालक सोबत घ्या.

अक्षरओळख

मनापासून आनंद झाला. एकच राहिलंय. स्वच्छतागृह पाहिलंत का? सकाळी झाडून-पुसून ठेवलेलं नव्हे, मधल्या सुट्टीनंतरचं. आणि जायचं असेल तर मुलांनी वर्गात मोठ्यानं विचारायचं असतं की नुसतं उठून जाता येतं? न बोलणारी मुलं दिवसभर दाबून धरतात, पाणीही पीत नाहीत म्हणजे जावं लागणार नाही. माझ्या बहिणीच्या मुलीचं असंच झालं होतं.

पाणकणीस

नाही पाहिलं. आणि त्या दिवशी ती घरी आली तेव्हा पाण्याची बाटली भरलेलीच होती, हे आत्ता तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं.

शुक्रवारी फी भरायच्या आधी मधली सुट्टी संपताना जाते. दाराशी टांगायची चिठ्ठी किंवा खडा उचलून ठेवणं, असं काही बोलण्यावाचून चालेल का, ते बाईंना विचारते.